दोन पाय, एक टाळी

मी घाटकोपरहून बोलतेय. माहेर माझं वाई तालुक्यातलं, पण गेली सत्तावीस वर्षं मुंबईच्या उपनगरात संसार केला. मागच्या वेळी रेडिओच्या ताईंनी विचारलं होतं, पुढच्या भाषणाला विषय काय घेताय? मी म्हटलं, रॉक बँड. त्या जरा गप्पच झाल्या. मग म्हणाल्या, "अहो, आपल्या गटातल्या बायका ऐकतील का?" मी म्हटलं, भजनी मंडळ चालवणाऱ्या बायका नाही ऐकणार, तर कोण ऐकणार?

आमचा धाकटा ड्रम वाजवतो. ड्रम म्हणजे लग्नाच्या बँडबाजात असतो तो नव्हे. पाचसहा ढोल आणि तीनचार धातूच्या थाळ्या एकाच माणसानं बसून, दोन्ही हात आणि दोन्ही पाय वापरून वाजवायच्या. आमच्या दहा बाय बाराच्या खोलीत तो ठेवायला जागा नाही, आणि ठेवला तर शेजारी दुसऱ्या दिवशी दारात. म्हणून ही पोरं अंधेरीला जातात. तिथं सरावाच्या खोल्या तासावर भाड्यानं मिळतात. भिंतींना आतून गादीसारखा जाड स्पंज लावलेला असतो, आत आवाज घुमू नये म्हणून. चौघं मिळून भाडं काढतात. मी एकदा डबा द्यायला गेले आणि तासभर बसूनच राहिले. कान दुखले, खोटं कशाला बोलू. पण त्यांचं चाललेलं बघून वाटलं, अगं बाई, हे तर आपलंच मंडळ! एकाचा ताल घसरला की सगळे थांबतात, एकमेकांकडे बघतात, पुन्हा उचलतात. एकजण सारखा म्हणतो, माझा आवाज कमी येतोय. एकजण उशिरा येतो. दुसरं काय असतं आपल्याकडे?

रॉक बँड म्हणजे साधारण चारपाच जण. विजेवर चालणारी गिटार, जाड तारांची खालच्या सुराची गिटार, तिला बेस म्हणतात, ड्रम, आणि गाणारा. इंग्लंड-अमेरिकेत साठ-सत्तरच्या दशकात असे हजारो बँड निघाले. त्यातले बहुतेक कुणाला आठवतही नाहीत. पण पाचपन्नास असे आहेत की त्यांची गाणी आज आमच्या अंधेरीच्या खोलीत विशीतली पोरं वाजवतात. आजोबांच्या वयाच्या माणसांची गाणी! का बरं? मुलाला विचारलं तर तो म्हणाला, "आई, ते भारी होते." एवढ्यावर माझं समाधान होईना. मग त्याच्याकडून ऐकून, वाचून मी थोडं शोधलं.

पहिली गोष्ट लगेच कळली. ऑर्केस्ट्रा दुसऱ्यांची गाणी वाजवतो, टिकलेला बँड स्वतःची. मुंबईतलंच उदाहरण घ्या. १९८४ मध्ये इथं रॉक मशीन नावाचा बँड निघाला. उदय बेनेगल गायचे, महेश तिनईकर गिटारवर. सुरुवातीला तेही सगळ्यांसारखी परदेशी गाणी वाजवत, कारण लोक तेच मागत. मग त्यांनी स्वतःची गाणी बांधली आणि १९८८ मध्ये त्यांची ध्वनिफीत काढली. पुढं १९९३ मध्ये नावही बदलून इंडस क्रीड केलं. १९९७ ला बँड मोडला, २०१० ला पुन्हा जमला. त्या काळात मुंबईत इंडिपेंडन्स रॉक नावाचा मोठा जलसा भरायचा. १९८६ साली तो सुरू झाला, आधी दक्षिण मुंबईत रंगभवनला आणि नंतरच्या वर्षांत आमच्या अंधेरीच्या चित्रकूट मैदानावर. आज तिशी-चाळिशीत असलेले कितीतरी वाजवणारे तिथं गर्दीत उभं राहून शिकले.

स्वतःचं गाणं ही काही परदेशातून आलेली गोष्ट नाही हं. मी राहते त्या घाटकोपरच्या चिरागनगरात अण्णाभाऊ साठे बरीच वर्षं झोपडीत राहिले. वाटेगावहून आलेले अण्णाभाऊ, बार्शीचे अमर शेख आणि शाहीर गव्हाणकर, या तिघांनी १९४४ च्या सुमारास लाल बावटा कलापथक उभं केलं. माझ्या मते तो आपला बँडच. डफ, तुणतुणं आणि अमर शेखांचा पहाडी आवाज. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात त्यांची गाणी लाखोंच्या सभांत घुमली. 'माझी मैना गावावर राहिली' हे तर तुम्हाला माहीतच आहे. मुंबईला पोटासाठी आलेल्या गड्यानं गावी राहिलेल्या बायकोची आठवण काढायची, आणि त्यातूनच सीमाभागाचं दुःख सांगायचं. सभेतल्या गिरणी कामगाराला वाटे, हे माझंच आहे. गावी राहिलेल्या मैनेला काय वाटत होतं, ते गाणं अजून कुणीतरी लिहायचं आहे, ते असो.

आता आपल्या साताऱ्याकडे येते. पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत पन्नासच्या दशकात एक पारशी मुलगा वसतिगृहात राहत होता. फारुख बलसारा. जन्म झांझिबारचा, आफ्रिकेजवळच्या बेटावरचा. आईवडील तिकडे, पोर इकडे पाचगणीत. १९५८ च्या सुमारास शाळेतल्या पाच मुलांनी 'द हेक्टिक्स' नावाचा बँड काढला. चहाच्या खोक्याला दोरी ताणून बेस बनवला होता, असं सांगतात. गंमत म्हणजे मुख्य गाणारा दुसराच होता. हा आपला पियानोवर. पुढं घरचे इंग्लंडला गेले, आणि १९७० मध्ये तिथं क्वीन नावाचा बँड निघाला. त्यात तो गायला लागला आणि फ्रेडी मर्क्युरी या नावानं सगळ्या जगाला माहीत झाला. माझं माहेर पाचगणीच्या पायथ्याशी, पण आम्हाला शाळेत हे कुणी सांगितलं नाही.

क्वीनमध्ये चौघं होते. फ्रेडी, गिटारवर ब्रायन मे, ड्रमवर रॉजर टेलर आणि बेसवर जॉन डीकन. यांच्यातली विशेष गोष्ट ही की चौघंही गाणी लिहीत, आणि चौघांचीही गाणी गाजली. जॉन डीकन सगळ्यात अबोल. बँडमध्ये सगळ्यात शेवटी आला. पण १९८० मध्ये अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलेलं गाणं त्याचं होतं. त्याच्याच दुसऱ्या एका गाण्याच्या चित्रफितीत हे चारही बाप्ये बायकांचे कपडे घालून घरात वावरतात. फ्रेडी मिशांसकट स्कर्ट घालून घर साफ करतोय! आमच्या मंडळातल्या बायकांना मी ती फोनवर दाखवली तेव्हा हसून हसून पुरेवाट झाली.

पण मला सगळ्यात आवडली ती १९७७ ची गोष्ट. इंग्लंडातल्या एका सभागृहात क्वीनचा कार्यक्रम संपला. ते आत गेले, तर लोक घरी जाईनात. उलट सगळे मिळून बँडसाठीच गायला लागले. ब्रायन मेला वाटलं, हे लोक नुसते ऐकणारे नाहीत, यांनाही काहीतरी करायचंय. पण एवढ्या दाटीत उभा असलेला माणूस करणार तरी काय? पाय आपटेल, टाळी वाजवेल, गाईल. मग त्यानं तसंच गाणं बांधलं. 'वी विल रॉक यू'. त्यात ड्रम नाही, बेस नाही. लाकडी फळ्यांवर सगळ्यांनी पाय आपटले आणि टाळ्या वाजवल्या, आणि तेच पुन्हा पुन्हा एकावर एक ध्वनिमुद्रित केलं. गिटार येते ती अगदी शेवटी. दोन पाय, एक टाळी. धम धम टाळी, धम धम टाळी. हे आज जगातल्या मैदानांवर खेळाच्या वेळी वाजतं. इंग्रजीचा एक शब्द न कळणारी माणसं त्यात सामील होतात.

मैत्रिणींनो, हे आपल्याला नवीन आहे का? मंगळागौरीला, फुगडीला, झिम्म्याला प्रेक्षक कुठं असतात? रिंगणात नसलेली बाईसुद्धा टाळी देत असते. ऐकणारीला हात-पाय वापरायला जागा ठेवली, की ते गाणं तिचं होतं. गाणाऱ्याचं नाव ती विसरेल, गाणं विसरणार नाही.

आता पैशाचं बोलू या. आपल्या बचत गटांना हे जास्त कळेल. १९७५ मध्ये क्वीनचं 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी' हे फ्रेडीचं गाणं निघालं. जवळपास सहा मिनिटांचं. कंपनीची माणसं म्हणाली, एवढं लांब गाणं रेडिओ लावणार नाही. ते इंग्लंडात नऊ आठवडे पहिलं राहिलं. तेव्हा गाण्याची तबकडी असायची आणि तिला दोन बाजू. एका बाजूला हे गाजलेलं गाणं, दुसऱ्या बाजूला रॉजर टेलरचं मोटारीवरचं एक गाणं, जे कुणी मुद्दाम विकत घेतलं नसतं. पण तबकडी विकली की दोन्ही बाजूंच्या लेखकांना पैसे सारखेच. झाली ना पंचाईत! गाण्यावर जो लिहिणारा, पैसे त्याचे, असा नियम होता. त्यामुळं कुणाचं गाणं तबकडीवर जाणार यावरून वर्षानुवर्षं कुरबुरी चालल्या. शेवटी १९८९ च्या तबकडीपासून त्यांनी ठरवलं, गाणं कुणीही लिहिलेलं असो, नाव चौघांचं, म्हणजे बँडचं. पैसाही सारखा. फ्रेडी १९९१ मध्ये आजारानं गेला, तोवर ते एकत्र राहिले.

बीटल्सचं असं झालं नाही. ते क्वीनच्याही आधीचे, चौघंच. दोघांची गाणी इतकी चालत की तिसऱ्याच्या, जॉर्ज हॅरिसनच्या वाट्याला एका तबकडीवर एक-दोन गाणी यायची. हा जॉर्ज १९६८ च्या जानेवारीत मुंबईला आला होता. आपल्या वादकांना घेऊन इथल्या स्टुडिओत त्यानं संगीत मुद्रित केलं. १९७० मध्ये बँड मोडला आणि त्याच वर्षी जॉर्जनं एकदम तीन तबकड्यांचा संच काढला. एवढी गाणी त्याच्याजवळ साठून राहिली होती! भांडणं इतरही होती, मी नाही म्हणत नाही. पण मला वाटतं, ज्याच्या पोटात गाणी साठतात तो एक दिवस उठून जातोच.

या जुन्या बँडमध्ये बायका कमी, हेही सांगायला हवं. बहुतेक सगळे पुरुष. फ्लीटवुड मॅक या बँडमध्ये मात्र दोघी होत्या, क्रिस्टीन मॅकव्ही आणि स्टीव्ही निक्स. दोघीही गाणी लिहायच्या, गायच्या. १९७७ ची त्यांची तबकडी प्रचंड खपली. ती बनवताना काय चाललं होतं माहीत आहे? क्रिस्टीनचा नवरा त्याच बँडमध्ये बेस वाजवायचा, आणि त्यांचा संसार मोडत होता. स्टीव्हीचा जोडीदार गिटार वाजवायचा, त्यांचंही फाटलेलं. त्यानं तिच्यावर रागानं गाणं लिहिलं, आणि ती त्याच्याच मागं उभी राहून त्या गाण्याला साथ देत होती. तिनंही त्याच्यावर लिहिलं, आणि त्यानं त्याला गिटार वाजवली. घरात बोलत नव्हते, पण स्वर चुकवला नाही. अशी सोसायची गोष्ट मी कुणाला शिकवणार नाही. पण तिच्या गाण्यावर तिचं नाव होतं, हे मला महत्त्वाचं वाटतं.

कारण आमच्या मंडळात ते नव्हतं. आम्ही अकराजणी. गणपतीत, नवरात्रात, कुणाच्या वास्तुशांतीला घाटकोपर-मुलुंडपर्यंत जायचो. बिदागी मिळायची. पेटीवाला आणि तबलजी बाहेरचे, त्यांचे पैसे आधी बाजूला. उरले तर साड्या, नाहीतर चहा. फलकावर नाव एकीचं, जी गायची तिचं. आणि आमच्या गवळणी रचायची ती बाई वेगळीच. घरकामाला जाते, दुपारी दोन घरांच्या मधल्या वेळात जिन्यात बसून लिहिते. कार्यक्रमात तिचं नाव कधी पुकारलं गेलं नाही. मागल्या वर्षी तिनं यायचंच बंद केलं. तिच्यामागं आणखी चारजणी गेल्या. आम्हाला वाटलं, आवाज आपल्याकडे आहे, काय बिघडतंय? पण पुढच्या श्रावणात गायला नवीन काही नव्हतं. त्याच त्या चार गवळणी. बोलावणीही कमी झाली.

मग मी क्वीनची ती तबकडीची गोष्ट मंडळात सांगितली. तासभर वाद झाला. शेवटी वहीत लिहिलं: बिदागीतून वाजवणाऱ्यांचे गेले की उरलेल्याचे समान वाटे, आणि त्यातला एक जादा वाटा रचणारीचा. गाण्याआधी तिचं नाव घ्यायचं. पेटी आमच्यातल्याच दोघींनी शिकायची. ते शिकणं अजून रडतखडत चाललंय, भाता मारताना बोटं भलतीकडेच जातात. रचणारी बाई परत आलेली नाही. निरोप दिलाय, वहीचं पानही फोटो काढून पाठवलंय. तिनं अजून उत्तर दिलेलं नाही.

आता मी रेडिओच्या ताईंना सांगितलंय, माझं बोलणं झालं की ते १९७७ चं गाणं लावा. शब्द कळले नाही तरी चालतील. तुम्ही जिथं असाल तिथं, ओट्यापाशी, निवडणं-टिपणं करताना, दोन पाय आपटा आणि एक टाळी द्या. पोरांनाही घ्या. सासूबाई काय म्हणतील ते नंतर बघू. लावा ताई.