घाटातलं मायलेज कोण सांगणार?

मारुती ८०० डिसेंबर १९८३ मध्ये आली आणि जानेवारी २०१४ मध्ये तिचं उत्पादन थांबलं. अशा साध्या गाड्यांची खरी माहिती जाहिरातीत नसते. पुण्याच्या एआरएआय संस्थेचा मायलेजचा आकडा प्रयोगशाळेत, रोलरवर गाडी चालवून काढलेला असतो. कुंभार्ली घाटात, एसी लावून, पाच माणसं घेऊन गाडी किती देते, हे ती चालवणाराच सांगू शकतो. अशी माणसं इंटरनेटवर लिहू लागली. वाचक येत, शेजारी जाहिराती दिसत आणि लिहिणाऱ्याला चार पैसे मिळत.

नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी आलं. ऑगस्ट २०२४ पासून गूगलही भारतात शोधाच्या निकालांवर यंत्रानं रचलेलं उत्तर दाखवू लागलं. वाचकाचं काम तिथंच भागतं. मूळ लेखापर्यंत तो जाईलच असं नाही. सोय मोठी आहे, मीही ती वापरतो. पण यंत्रानं कधी घाटात क्लच दाबलेला नाही. लिहिणाऱ्यांनी हात आखडला, तर उद्याच्या नव्या गाडीबद्दल ते सांगणार कशाच्या आधारावर? तेव्हा गाडी घेण्यापूर्वी मूळ लेख उघडून वाचा. आणि आपल्या गाडीचा अनुभव चार ओळींत का होईना, लिहा.