वारा पाठीशी असताना
(गणेशोत्सवातील व्याख्यानाचा मजकूर)



धार-देवासच्या माणसाने शिडाच्या आणि पतंगाच्या जलक्रीडेवर बोलावे, याचे कुणाला हसू येईल. आपले पाणी म्हणजे धारचा मुंज तलाव आणि देवासचा मीठा तालाब. पण २०२२चे आशियाई खेळ २०२३ साली चीनमध्ये हांगझोऊला झाले, त्यांत मुलींच्या आयएलसीए-४ नौकेच्या शर्यतीत रौप्यपदक मिळवणारी नेहा ठाकूर आपल्याच देवास जिल्ह्यातील अमलताज गावची. शेतकऱ्याची ही मुलगी भोपाळच्या तलावावर शीड सांभाळायला शिकली. या नौकेत खेळाडू एकटाच असतो आणि ४.७ चौरस मीटरचे शीड त्यालाच आवरावे लागते.

या खेळात ‘जाइब’ नावाचे एक वळण आहे. वारा पाठीमागून घेऊन दिशा बदलायची. वाऱ्याला तोंड देऊन वळताना शीड फडफडते, नाव मंदावते, सावरायला क्षणभर मिळतो. जाइबमध्ये शिडाखालचा आडवा दांडा झटक्यात दुसऱ्या बाजूला येतो. वेळेवर डोके वाकवले नाही, तर कपाळमोक्ष ठरलेला!

पतंगाने ओढल्या जाणाऱ्या फळीचा खेळ २०२४च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये प्रथमच आला. फळी सर्फबोर्डसारखी, म्हणजे पुढचे टोक वेगळे आणि मागचे वेगळे असेल, तर वळल्यावर पायही बदलावे लागतात. संक्रांतीला पतंग उडवणाऱ्यांना यातली मेख लगेच कळेल. आधी पतंग नव्या बाजूला न्यायचा, मग फळी मोठ्या वळणाने फिरवायची. फळी पतंगाकडे घाईने धावली, तर दोर ढिले पडतात, ओढ जाते आणि माणूस पाण्यात बसतो. नवी ओढ लागली, की मागचा पाय पुढे. नजर पायांकडे नको, जिकडे जायचे तिकडे हवी. पाय बदलण्याचा सराव आधी जमिनीवरही करता येतो.

आता घरचे बोलू. पवारांच्या काळापासून आपली कुटुंबे माळव्यात रुजली. घरे झाली, नोकऱ्या झाल्या, मुले शिकली. वारा पाठीशी आहे, पण बेसावध राहण्याचा धोकाही अशाच वेळी असतो. मुलगी म्हणाली, “मला नाव चालवायची आहे,” तर आपण आधी विचारतो, “त्याने पुढे काय होणार?” त्याऐवजी “तुला पोहता येते का?” असे विचारावे.

अनंत चतुर्दशीला आपण सारे तलावाच्या काठी उभे राहू. आपल्यापैकी किती मुलांना, किती सुनांना पोहता येते, हे तिथे मनाशी मोजून पाहा. समाजाने पुढच्या उन्हाळ्यात पोहण्याचा वर्ग सुरू करावा, मुलींसाठी वेळ राखून ठेवावी आणि शिकवायला जाणता प्रशिक्षक असावा, एवढीच माझी विनंती. नाव, शीड, पतंग ही त्यानंतरची गोष्ट.

गणपती बाप्पा मोरया!