स्वस्तातला सीडी रायटर घेताना



आज ज्या वस्तूबद्दल बोलणार आहे ती ऐकून काहीजणी हसतील. सीडी रायटर. म्हणजे सीडीवर गाणी, फोटो, व्हिडिओ भरणारं यंत्र. पेन ड्राइव्ह आणि मोबाइलच्या काळात हे कोण घेतं, असं वाटेल. पण या वर्षात तीन गटांनी मला हाच प्रश्न विचारला, आणि तिघींचं कारण खरं होतं. मलंगगडाच्या पायथ्याच्या आणि बदलापूरच्या आसपासच्या गावांत आगरी घरच्या लग्नात धवलारीण धवला गाते, हे तुमच्यापैकी पुष्कळजणींना माहीत आहे. कुणी हौसेनं दहा-पंधरा वर्षांपूर्वी ते रेकॉर्ड करून सीडीवर ठेवलं. त्यातल्या काही गाणाऱ्या आता नाहीत. आवाज आहे तो फक्त त्या सीडीवर, आणि सीडी मधेच अडकायला लागली आहे. नव्या लॅपटॉपला तर सीडी घालायची जागाच नसते. घरात आजीकडे जुना सीडी प्लेअर आहे, तिला पेन ड्राइव्ह नको, सीडीच हवी. लग्नाच्या शूटिंगच्या, भजनी मंडळाच्या सीडी आहेतच. म्हणून गट म्हणतो, रायटर घेऊ, गावाच्या सीडी उतरवून देऊ, चार पैसेही सुटतील. आणि लगेच पुढचं वाक्य येतं, "ताई, तुमच्या उल्हासनगरात स्वस्त मिळतो ना?"

मिळतो. पण आधी हिशेब करा. बाजारातल्या दुकानात एका सीडीची कॉपी साधारण पन्नास रुपयांत करून मिळते. गावात मिळून बारा-पंधरा सीडी असतील तर रायटर घेऊच नका, पिशवीत घालून दुकानात जा, सहाशे-साडेसातशेत काम होईल. अठराशेचा रायटर पन्नास रुपये दरानं फिटायला छत्तीस सीडी लागतात, आणि त्यात कोऱ्या सीडीचा खर्च धरलेला नाही. आधी घरोघर विचारून सीडी मोजा, मग ठराव लिहा.

आता आमच्या गावाची कीर्ती. "मेड इन यूएसए म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन" हा विनोद तुम्ही ऐकला असेल. नकली माल म्हटलं की लोक आमच्याकडे बोट दाखवतात. पण हे शहर उभं कसं राहिलं तेही बघा. दुसऱ्या महायुद्धातली ही कल्याणची लष्करी छावणी. फाळणीनंतर सिंधमधून घरदार सोडून आलेली माणसं तिच्या बराकींमध्ये राहिली, म्हणून आजही आम्ही पत्ता सांगताना कॅम्प १, कॅम्प ४ असंच म्हणतो. ८ ऑगस्ट १९४९ ला गव्हर्नर जनरल राजगोपालाचारींच्या हस्ते तिला उल्हासनगर हे नाव मिळालं. हातात काही नसलेल्या लोकांनी कमी नफ्यावर जास्त माल विकायची सवय लावून घेतली. त्यामुळे इथे स्वस्त म्हणजे नकलीच असं नाही, आणि पक्क्या दुकानाची चकचकीत पाटी म्हणजे अस्सल असंही नाही. माल बघून घ्यायचा, एवढंच.

बाजारात रायटर मिळतो तो तीन तऱ्हेचा. एक, कंपनीचा सीलबंद नवा, वायर लावून लॅपटॉपला जोडायचा. दोन, बिननावाचा, पातळ काळ्या डबीतला, जो निम्म्या किमतीत मिळतो. तीन, जुना, उघडपणे जुना म्हणून विकलेला. मला तिसऱ्याची भीती वाटत नाही, कारण विकणारा खरं बोलतोय. भीती दुसऱ्याची. त्या नव्या डबीच्या आत पुष्कळदा मोडीत निघालेल्या लॅपटॉपमधून काढलेला ड्राइव्ह असतो. डबी नवी, खोकं नवं, आतलं यंत्र आठ-दहा वर्षं वापरलेलं.

हे ओळखायचं कसं? दुकानदाराला सांगा, लॅपटॉपला जोडा आणि डिव्हाइस मॅनेजर उघडून दाखवा. तिथे ड्राइव्हचं खरं नाव येतं, डबीवर काहीही छापलेलं असो. नावात डीव्हीडी-रॉम असेल तर तो फक्त वाचतो, लिहीत नाही. कॉम्बो असेल तर डीव्हीडी वाचेल पण लिहील फक्त सीडी. आरडब्ल्यू किंवा डीव्हीडी-रॅम असेल तर तो रायटर. रॉम आणि रॅम यांत एका अक्षराचा फरक आहे, नीट वाचा, गटात शिकणारी एखादी मुलगी असेल तर तिला सोबत न्या. आणखी एक खूण. नावात ऑप्टिआर्क दिसलं आणि दुकानदार नवा म्हणत असेल तर समजून जा. सोनीनं ती कंपनी २०१३ मध्येच बंद केली. खोक्यावर ५२ एक्स लिहिलं असेल तर तीही थापच, कारण लॅपटॉपच्या जाडीचे पातळ ड्राइव्ह सीडी जास्तीत जास्त २४ एक्सनं लिहितात. ५२ एक्सचे ते मोठ्या कॉम्प्युटरच्या डब्यात बसणारे जाड ड्राइव्ह.

हे एक्स म्हणजे काय, तेही सांगते. १ एक्स म्हणजे ८० मिनिटांची सीडी लिहायला ८० मिनिटं. १६ एक्सला पाच-सहा मिनिटं, थोडं पुढेमागे. आपल्याला वेगाची गरजच नाही. त्यामुळे "ये फास्ट है दीदी, दो सौ जादा" याला भुलू नका.

आता मुख्य गोष्ट. दुकानदार नेहमी एक सिनेमाची डीव्हीडी घालून दाखवतो, चित्र दिसतं, आपण खूश. यातून काहीच सिद्ध होत नाही. एक तर, त्या ड्राइव्हमध्ये सीडीसाठी वेगळा लेसर असतो आणि डीव्हीडीसाठी वेगळा. एक चालू, दुसरा मेलेला असं होऊ शकतं. दुसरं म्हणजे वाचायला लेसरला थोडी ताकद लागते, लिहायला खूपच जास्त, कारण सीडीच्या आत रंगाचा एक थर असतो आणि लेसर तो तापवून त्यावर खुणा उठवतो. चूल पेटली म्हणजे भाकरी भाजेलच असं नाही, तसंच. जुना, थकलेला लेसर छान वाचतो आणि लिहायला घेतलं की कच खातो. तेव्हा दुकानदार म्हणेल, लेन्सवर धूळ आहे, साफ करून घ्या. धूळ असेल तर त्याला साफ करू दे, आपल्यासमोर, आणि पुन्हा लिहून दाखवू दे.

म्हणून दुकानात लिहूनच बघायचं, आणि अर्धवट नाही, सीडी पूर्ण भरून. सीडी आतल्या बाजूनं सुरू होऊन बाहेरच्या कडेला संपते. कडेजवळ सीडी जास्त थरथरते आणि लिहायचा वेगही बहुतेक तिथेच सर्वांत जास्त असतो, त्यामुळे कच्चा ड्राइव्ह बहुधा तिथे पडतो. दोनच गाणी लिहून बघितली तर तो दोष कळणारच नाही. सातशे एमबीची सीडी असते, तेवढे फोटो-गाणी पेन ड्राइव्हवर घेऊन जा. कोऱ्या सीडी आपल्याच न्या, आणि दोन वेगवेगळ्या कंपन्यांच्या. एकीवर बिघडलं आणि दुसरीवर जमलं तर दोष सीडीचा. दोन्हींवर बिघडलं तर ड्राइव्हचा. एक ध्यानात ठेवा, मोझर बेअर ही आपल्याकडची सीडी बनवणारी मोठी कंपनी २०१८ मध्ये दिवाळखोरीत विकायला निघाली. तिच्या नावाचं पाकीट आज मिळालं तर ते जुन्या साठ्यातलं, चाचणीला ते नको.

लिहिताना पडताळणीची, म्हणजे व्हेरिफायची खूण लावा, मग लिहिलेलं परत वाचून तपासलं जातं. झाल्यावर ती सीडी त्या ड्राइव्हमधून काढून दुसऱ्या कॉम्प्युटरवर लावा. स्वतः लिहिलेलं स्वतःलाच वाचता येणारा ड्राइव्ह मी बघितला आहे, त्याचा उपयोग काय? आजीच्या प्लेअरसाठी दुसरी सीडी ऑडिओ सीडी म्हणून लिहून मागा. नुसत्या फाइली टाकलेली सीडी जुने प्लेअर पुष्कळदा वाजवत नाहीत, मग सगळे म्हणतात रायटर खराब. आणि सीडी फायनलाइज करायला विसरायचं नाही, नाहीतर साध्या प्लेअरला ती कोरीच दिसते.

या सगळ्याला वीस-पंचवीस मिनिटं लागतात. गिऱ्हाइकाची गर्दी नसते अशा वेळी जा, सकाळी दुकान उघडल्यावर. जो दुकानदार "इतना टाइम किसके पास है" म्हणतो त्याला हात जोडून पुढच्या दुकानात. मला कॅम्प ४ मध्येच असा एक भेटला आहे ज्यानं स्वतःहून स्टूल दिलं, चहा मागवला आणि दुसरी सीडी पदरची लावली. त्याचा भाव शंभर रुपयांनी जास्त होता. त्या गटानं तिथूनच घेतला, आणि मला ते पटलं.

जोडताना वायर बघा. काही रायटरना दोन तोंडांची वायर असते, दोन्ही लॅपटॉपला लावायची, कारण लिहिताना एका तोंडातून येणारी वीज पुरत नाही. आखूड, एका तोंडाची वायर दिली असेल आणि लिहिताना ड्राइव्ह मधेच बंद पडत असेल तर आधी वायर बदलून बघा. विनाकारण चांगला माल परत करू नका.

भाव करताना आधी बिलाचं बोला, मग पैशाचं. सगळी घासाघीस झाल्यावर "बिल पाहिजे? मग जीएसटी अठरा टक्के वर" हे वाक्य येतं. बिनबिलाचा भाव हा भावच नाही, कारण गटाच्या रोखवहीत दाखवायला काही नाही आणि उद्या भांडायलाही काही नाही. गट वर्गणीच्या पैशावर चालतो, दहाजणींना उत्तर द्यायचं असतं. सुरुवातीलाच म्हणा, गटाच्या नावानं पक्कं बिल, सगळं धरून किती? बिलावर मॉडेल आणि सिरीयल नंबर लिहून घ्या. जीएसटी नंबर पंधरा अक्षरी असतो आणि महाराष्ट्रातला २७ ने सुरू होतो. खोक्यावर एमआरपी, महिना-वर्ष, बनवणाऱ्याचं किंवा आयात करणाऱ्याचं नाव-पत्ता असायला हवा. हे काहीच नसलेलं खोकं म्हणजे सूट नव्हे.

"एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही" ही पाटी बघून गप्प बसू नका. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे सदोष माल परत घेऊन पैसे द्यायला नकार देणं ही अनुचित प्रथा आहे. बिलात मुदत लिहिलेली नसेल तर ती तीस दिवसांची धरतात. बिल न देणंही त्याच यादीत येतं. आधी दुकानदाराशी शांतपणे बोला, बहुतेक वेळा तिथेच मिटतं, बाजारातलं नाव त्यालाही जपायचं असतं. नाहीच ऐकलं तर १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर आहे.

इथे नाही जमलं तर मुंबईला ग्रँट रोडचा लॅमिंग्टन रोड आहेच. मात्र दादरला गाडी बदलून दोघींनी जायचं, तिकीट, जेवण, बुडालेला रोज, हे धरलं तर तिथली दोनशेची सूट वाटेतच संपते.

रायटर घरी आला की पहिल्यांदा कुठली सीडी उतरवायची? लग्नाची नको, ती दुसऱ्या कुणाकडे तरी असते. धवल्याची घ्या, जिची दुसरी प्रत नाही ती. गाणारी असेल तर तिला, नसेल तर तिच्या लेकी-सुनांना विचारून मगच प्रती करा. सीडी सुती फडक्यानं मधून कडेकडे पुसा, गोल गोल नाही. नाव लिहायचं ते मऊ टोकाच्या मार्करनं, बॉलपेननं नको. चकाकणारा थर नावाच्या बाजूलाच, अगदी पातळ मुलाम्याखाली असतो, तिथला ओरखडा खालच्या ओरखड्यापेक्षा वाईट. अडकणारी सीडी दोन-तीन वेगळ्या ड्राइव्हमध्ये लावून बघा, एकाला जे वाचता येत नाही ते दुसरा कधी कधी वाचतो. उतरवलेलं पेन ड्राइव्हवर एक आणि दुसऱ्या घरातल्या कॉम्प्युटरवर एक, असं दोन ठिकाणी ठेवा. पुढच्या महिन्यात गटाच्या बैठकीला येईन तेव्हा सीडी मोजून ठेवा, रबर लावून एकावर एक नको, प्रत्येक वेगळ्या कागदी पाकिटात.