नट फिरत नाही, पकड सुटते
(माजी विद्यार्थी मेळाव्यातील भाषण)



आपल्यातले काही डॉक्टर झाले, काही परदेशी गेले, मी गॅरेज टाकलं. संयोजक म्हणाले, ‘तुझ्या धंद्यातलं काहीतरी सांग.’ म्हणून मोटरसायकलचं इंजिन बांधून झाल्यावरच्या एका कामाबद्दल बोलतो. त्याचे मी पैसे घेत नाही, तरी गिऱ्हाईक त्यासाठी येत नाही.

जुन्या गाडीचं हेड उघडून परत बसवलं की मी सांगतो, ‘दोनशे-तीनशे किलोमीटर चालवा आणि परत आणा, नट तपासायचेत.’ लगेच प्रश्न येतो, ‘म्हणजे आज नीट आवळले नाहीत का?’

आवळलेत. पण आवळलेला बोल्ट स्प्रिंगसारखा किंचित ताणलेला असतो. त्या ताणावरच हेड आणि बॅरल एकमेकांना धरून असतात. मध्ये नवं गॅस्केट असतं. इंजिन तापतं, थंड होतं, तसं ते दबून बसतं. ते केसभर बसलं तरी बोल्टचा ताण उतरतो. वॉशरखाली रंगाचा पापुद्रा राहून चिरडला तरी तेच होतं. त्यात ॲल्युमिनियम तापल्यावर पोलादाच्या जवळजवळ दुप्पट फुगतं. म्हणजे नट जागचा हललेला नसतो, पण पकड कमी झालेली असते. डोळ्यांना ते दिसत नाही, पाना लावल्यावरच कळतं.

माझ्याकडे एक दूधवाले काका राजदूत घेऊन आले. हेड दुसरीकडे बसवलेलं, नंतर कुणी पाहिलेलं नाही. आधी सांध्यातून फुसफुस आवाज येत होता. गाडी चालतेय म्हणून ते चालवत राहिले. शेवटी गॅस्केट जळलं आणि कॅनसकट गाडी रस्त्यात उभी राहिली. दोन दिवस रतीब चुकला, दूध नासलं. गॅस्केटची किंमत त्यापुढे काहीच नव्हती. मी हेड बसवून दिल्यावर मात्र ते सांगितल्या दिवशी हजर झाले. दोन नट थोडे फिरले, बाकीचे जागेवर होते. पाच मिनिटांचं काम.

ते करायचं कसं? इंजिन पूर्ण थंड हवं, रात्रभर उभं असलेलं उत्तम. एका वेळी एकच नट किंचित सैल करायचा आणि टॉर्क पान्याने ठरलेल्या आकड्यापर्यंत आवळायचा. सैल का करायचा? बसलेला नट घर्षणाने अडतो, पाना आधीच ‘टक्’ करतो आणि आपल्याला वाटतं झालं. एक नट झाला की त्याच्या समोरचा, असं तिरकं जायचं. बुलेटसारख्या इंजिनात यानंतर टॅपेटची फट पाहायची. हेड खाली बसलं की ती फट बदलते, म्हणून आधी नट, मग टॅपेट. त्याच फेरीत इंजिन फ्रेमला धरणारे बोल्ट, सायलेन्सरचे नट आणि ऑइलचा ड्रेन बोल्ट पाहून घ्यायचा. ड्रेन बोल्ट गळला तर ऑइल मागच्या टायरवर येतं. वळणावर त्याचा अर्थ काय, ते सांगायला नको.

आता दुसरी बाजू. तपासणं म्हणजे अंगात आहे तेवढा जोर लावणं नव्हे. सहा मिलिमीटरच्या साध्या बोल्टला साधारण दहा न्यूटन-मीटर पुरतात, म्हणजे दहा सेंटिमीटरच्या पान्यावर दहा किलोचा जोर. त्यावर जोर काढला तर ॲल्युमिनियममधले आटे जातात, आणि आटे गेले की खर्च वाढला. नव्या गाड्यांचं आणखी वेगळं. बऱ्याच इंजिनांत पोलादी थरांचं गॅस्केट असतं, ते पुन्हा आवळायचं नसतं. काही बोल्ट एकदाच वापरायचे असतात. म्हणून कंपनीचं सर्व्हिस मॅन्युअल काय म्हणतं ते आधी वाचायचं. माझी पोरं कधी कधी त्याला कंटाळतात, मी त्यांना वाचायलाच बसवतो.

आठवीत टेक्निकलच्या तासाला आपण लोखंडाचा तुकडा कानशीने घासायचो आणि गुण्या लावून पुन्हा पुन्हा उजेडात धरायचो. फटीतून उजेड आला की सर तुकडा परत द्यायचे. माझा धंदा अजून तेवढ्यावरच चालतो.

तुमच्यापैकी कुणाच्या जुन्या गाडीचं इंजिन नुकतंच उघडलं असेल तर आज रात्री ती माझ्या गॅरेजात लावून जा. सकाळी इंजिन थंड असतानाच पाहतो. चहा मात्र तुमच्याकडून.