सॅमन मासा आणि पाण्याचा हक्क


कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावरचा सॅमन मासा नदीत जन्मतो, समुद्रात वाढतो, अंडी घालायला पुन्हा नदीतच येतो. तिथले आदिवासी पिढ्यान्‌पिढ्या त्यावर जगले. कंपन्यांनी समुद्रात जाळ्यांचे पिंजरे टाकून सॅमन पाळला. दाटीत त्याला उवा होतात (हो, माशालाही!) आणि शेजारून जाणाऱ्या रानसॅमनच्या बोटभर पिल्लांना चिकटतात. लाकूडतोड, तापलेलं पाणी आहेच. त्यात ही भर.

२०१७ साली आदिवासी थेट पिंजऱ्यांवर जाऊन बसले. चवदार तळ्याच्या लेकरांना हे समजावायला नको. २०२४ मध्ये सरकारनं जाहीर केलं, उघडे पिंजरे २०२९ च्या जूनअखेर बंद. तिथल्या कामगारांचं काय? गिरणीवाल्याला हे विचारावंच लागतं. त्यांना दुसरं काम द्या, पण पिंजरे उठवा. पिल्लं दर वसंतात त्याच वाटेनं जातात.