डॉ. कोटणीस : मदत आणि मुक्काम



डॉ. द्वारकानाथ कोटणीस आपल्याला ठाऊक आहेत ते बहुधा व्ही. शांताराम यांच्या १९४६ च्या चित्रपटामुळे. चित्रपटाला वीरपुरुष लागतो. मला त्यांचे तेथील रोजचे राहणे अधिक मोलाचे वाटते.

सोलापूरचा हा तरुण डॉक्टर सप्टेंबर १९३८ मध्ये, जपानी आक्रमणाशी झुंजणाऱ्या चीनकडे काँग्रेसने धाडलेल्या पाच डॉक्टरांच्या पथकातून निघाला. फेब्रुवारी १९३९ मध्ये पथक येनानला पोहोचले. पुढे कोटणीस उत्तर चीनच्या डोंगराळ आघाडीवर गेले. तेथे अन्न राळ्याचे, आणि शत्रू सरकला की जखमींसह मुक्काम हलवायचा. अशा धावपळीत ते चिनी बोलायला आणि वाचायला शिकले, त्याच भाषेत विद्यार्थ्यांना शस्त्रक्रिया शिकवू लागले. जानेवारी १९४१ मध्ये बेथ्यून रुग्णालयाचे प्रमुखपद एका परक्याकडे आले, त्यात या भाषेचा वाटा मोठा असावा असे मी मानतो. ९ डिसेंबर १९४२ रोजी, अवघ्या बत्तिसाव्या वर्षी, ते तेथेच वारले.

ते ज्या पक्षाचे सभासद झाले त्याच्याशी आपले मतभेद तिबेटपासूनचे आहेत; ते राहोत. परंतु आम्ही अर्थशास्त्राचे लोक परदेशी मदत रुपये-डॉलरांत मोजतो, आणि भाषा शिकण्यात गेलेली वर्षे त्या हिशेबात कोठेच येत नाहीत. आपला हिशेब तरी वेगळा आहे काय? मेळघाटात शिबिरे भरविणाऱ्या आपल्यापैकी कितीजणांना कोरकू येते? पुढील शिबिराची तारीख ठरविण्यापूर्वी एवढे मोजून घ्यावे.