तबकडी बदलण्यापूर्वीं

जुन्या घरांतील लोखंडी तिजोरी बदलावयाची म्हटली, म्हणजे लोहारास बोलावण्यापूर्वीं घरांतील वडील मंडळींना किल्लीचा पत्ता विचारावा लागतो. एरवीं नवी तिजोरी दारांत येऊन उभी राहते आणि जुनीमधील कागदपत्रें जुनीमध्येंच अडकून पडतात. एक्सबॉक्स नांवाच्या खेळयंत्राची हार्ड डिस्क बदलतांना नेमका हाच प्रसंग ओढवतो. फरक इतकाच कीं, तिजोरीची किल्ली निदान डोळ्यांना दिसते, या यंत्राची किल्ली दिसतही नाहीं.

हें यंत्र मायक्रोसॉफ्ट कंपनीनें १५ नोव्हेंबर २००१ रोजीं अमेरिकेंत विक्रीस आणलें. किंमत २९९ डॉलर. दूरचित्रवाणीच्या पडद्याला जोडून घरीं खेळावयाचीं यंत्रें त्यापूर्वींही पुष्कळ होतीं. परंतु आज अर्धा सोडलेला खेळ उद्यां तेथूनच पुढें चालवावयाचा, तर त्यांपैकीं बहुतेकांना लहानसें मेमरी कार्ड वेगळें विकत घेऊन जोडावें लागे. मायक्रोसॉफ्टचा मूळ धंदा संगणकांच्या आज्ञावलींचा; तेव्हां त्या कंपनीनें खेळयंत्र बांधलें तेंही संगणकाच्याच सांच्यांत. इंटेलचा ७३३ मेगाहर्ट्झ गतीचा प्रोसेसर, ६४ मेगाबाइट स्मृति आणि जोडीला ८ गीगाबाइटची हार्ड डिस्क, असा तो संसार होता. घरगुती खेळयंत्राच्या पोटांत हार्ड डिस्क पहिल्यापासूनच बसवून देण्याची ही पहिली वेळ. कांहीं संचांत प्रत्यक्ष १० गीगाबाइटची डिस्क निघते. पण यंत्र तिच्यांतील ८ गीगाबाइटच उपयोगांत आणतें.

हार्ड डिस्क ही बंद डबींत वेगानें फिरणारी चुंबकीय तबकडी होय. तिच्या पृष्ठभागावरून, त्यास न टेकतां, एक सूक्ष्म वाचक पुढें-मागें सरकतो आणि चुंबकीय खुणांच्या रूपानें मजकूर लिहितो किंवा वाचतो. जें फिरतें तें झिजतें, हा नियम या तबकडीलाही चुकलेला नाहीं. या संचांतील मूळ तबकड्यांना आतां वीस वर्षें उलटून गेलीं आहेत. कित्येकींचा आवाज वाढला आहे, कित्येक एके सकाळीं फिरतच नाहींत.

या तबकडीचे यंत्रानें पांच भाग पाडलेले असतात. ‘सी’ या भागांत यंत्र सुरूं होतांच दिसणारी हिरव्या रंगाची मांडणी असते. ‘एक्स’, ‘वाय’ आणि ‘झेड’ हे प्रत्येकीं ७५० मेगाबाइटचे तीन भाग खेळ चालूं असतां तात्पुरत्या कामाला लागतात. आणि ‘ई’ हा सुमारें पांच गीगाबाइटचा सर्वांत मोठा भाग घरच्या माणसांचा. कोणीं कोणता खेळ कोठवर आणला, शर्यतींत कोणीं किती सेकंद घेतले, हें सर्व ‘ई’मध्यें नोंदलेलें असतें. सी, एक्स, वाय व झेड हे भाग पुन्हां तयार करतां येतात. ‘ई’मधील मजकूर जगांत दुसरीकडे कोठेंही नसतो.

त्या मजकुराला मोल तें काय, असें वाटणाऱ्यांसाठीं २०१४ सालीं पुष्कळ वाचली गेलेली एक आठवण सांगण्यासारखी आहे. एका तरुणानें ती लिहिली. तो सहा वर्षांचा असतांना त्याचे वडील वारले. दोघे मिळून एक्सबॉक्सवर मोटारींच्या शर्यतीचा ‘रॅलीस्पोर्ट चॅलेंज’ हा खेळ खेळत असत. वडिलांच्या मागें दहा वर्षें मुलानें त्या यंत्राला हात लावला नाहीं. पुढें लावला, तेव्हां त्याला पडद्यावर एक अर्धपारदर्शक मोटार धांवतांना दिसली. त्या खेळांत सर्वांत कमी वेळांत पुरी झालेली फेरी यंत्र जपून ठेवतें आणि पुढच्या खेळाडूच्या सोबतीला ती छायारूपानें पळवतें. ती छाया वडिलांची होती. मुलगा खेळत राहिला, सरावला, एक दिवस छायेच्या पुढें निघाला, आणि शेवटच्या रेषेच्या अलीकडे थांबला. कारण रेषा ओलांडली असती, तर वडिलांची फेरी पुसली जाऊन तेथें त्याची स्वतःची नोंदली गेली असती.

अशी छाया ज्या तबकडीवर असेल, ती तबकडी बदलतांना हात जपून चालवावा लागतो, हें निराळें सांगावयास नको.

आतां त्या न दिसणाऱ्या किल्लीकडे वळावें. मायक्रोसॉफ्टला भय होतें तें असें कीं, यंत्र संगणकासारखें असल्यानें लोक तबकडी काढून आपल्या संगणकाला जोडतील आणि तिच्यांत ढवळाढवळ करतील. म्हणून प्रत्येक तबकडीला कुलूप घातलेलें असे. विजेचा प्रवाह तुटला कीं तबकडी आपलें दार मिटून घेते. पुन्हां वीज मिळाल्यावर परवलीचा योग्य शब्द सांगितल्यावांचून ती एक अक्षरही वाचूं देत नाहीं. हा परवलीचा शब्द कोठेंही लिहून ठेवलेला नसतो. यंत्राच्या मुख्य फलकावर ईप्रॉम नांवाची अवघी २५६ बाइटांची एक चिप आहे. तींत त्या संचाची स्वतःची गुप्त किल्ली, १६ बाइटांची, असते. यंत्र सुरूं होतांना ही किल्ली, तबकडीच्या नमुन्याचें नांव आणि तिचा अनुक्रमांक हीं एकत्र करून गणित होतें व त्यांतून परवलीचा शब्द निघतो. म्हणजे एका संचाची तबकडी शेजारच्या संचांत घातली तर चालत नाहीं. दोघांची जणूं सप्तपदीच झालेली असते. फलक जळाला कीं तबकडी विधवा. मुक्या यंत्रांच्या बाबतींत इतकी निष्ठा कोणास हवी होती, हा प्रश्न वेगळा.

या सर्व बंदोबस्ताचा पहिला बुरूज ढासळला तो २००२ सालीं. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी येथें शिकत असलेल्या अँड्र्यू ह्वांग यानें यंत्रांतील दोन मोठ्या चिपांमधून धांवणारे संदेश मधल्यामध्यें टिपून घेतले आणि एका चिपेच्या पोटांत लपवलेली ५१२ बाइटांची आरंभीची आज्ञावली व तिची गुप्त किल्ली शोधून काढली. त्याचें या विषयावरील पुस्तक २००३ सालीं निघालें. त्यानंतर यंत्रांत फेरफार करण्याचे दोन मार्ग रूढ झाले. एक मार्ग डाख लावण्याचा: फलकावर वेगळी चिप बसवावयाची, किंवा जुन्या संचांत फलकावरील मूळ चिपेचाच मजकूर बदलावयाचा. दुसरा मार्ग झांकण न उघडतां करावयाचा. त्याची युक्ति साधी आहे. अर्जांतील ‘नांव’ या रकान्यांत कोणी वीस अक्षरांऐवजीं दोनशें अक्षरें भरलीं, तर तीं शेजारच्या रकान्यांत सांडतात. आणि तो शेजारचा रकाना साहेबाच्या हुकुमाचा असेल, तर अर्जदाराचा मजकूर हुकूम म्हणून अंमलांत येतो. ‘मेकअसॉल्ट’, ‘स्प्लिंटर सेल’ आणि जेम्स बाँडचा ‘एजंट अंडर फायर’ या खेळांत नेमका असा दोष होता. जपून ठेवलेल्या डावाच्या नांवाखालीं मुद्दाम लांबविलेला मजकूर यंत्रास वाचावयास दिला, कीं यंत्र त्यांतील आज्ञा निमूटपणें पाळूं लागे.

फेरफार केलेल्या संचाचा उपयोग कांहीं लोकांनीं दुसऱ्यांचे खेळ फुकट उतरवून घेण्याकडे केला, हें नाकारण्यांत अर्थ नाहीं, आणि त्याचें समर्थनही होत नाहीं. परंतु याच फेरफारांतून एक्सबॉक्स मीडिया सेंटर ही चित्रपट व संगीत ऐकविणारी आज्ञावली जन्मली. २०१४ पासून तीच ‘कोडी’ या नांवानें घरोघरीं चालते. शिवाय काळ बदलला. पुढच्या पिढीचा संच २००५ सालीं आला. जुन्या संचावर दूरच्या मित्रांशीं खेळण्याची कंपनीची सेवा १५ एप्रिल २०१० रोजीं थांबली. कुलूप चोरांसाठीं घातलें होतें. आज तें दुरुस्ती करूं पाहणाऱ्या मालकाच्याच आड येतें. मालकानें पैसे मोजून घेतलेल्या वस्तूची किल्ली मालकापाशीं असावी, हें न्यायाला धरून आहे.

म्हणून तबकडी बदलूं पाहणाऱ्यानें पहिलें काम करावयाचें तें स्क्रू फिरवण्याचें नव्हे. जुनी तबकडी चालूं आहे तोंवरच फेरफार केलेल्या संचाच्या मांडणींतून ईप्रॉमच्या २५६ बाइटांची नक्कल काढावी, जाळ्याच्या तारेनें ती संगणकावर न्यावी, आणि दुसऱ्या एखाद्या जागींही ठेवावी. त्याच बैठकींत ‘सी’ आणि ‘ई’ हे दोन्ही भाग उतरवून घ्यावेत. दोन ओळींच्या पत्रापेक्षां मोठी नसलेली ही नक्कल हातीं असली, म्हणजे फलक मेला तरी तबकडी उघडतां येते आणि तबकडी मेली तरी नवी त्याच फलकाशीं जोडतां येते. ती नसली म्हणजे मग फलकावरील चिप तारा लावून वाचणारा कारागीर शोधावा लागतो. कांहीं जुन्या तबकड्यांना कारखान्यांत ठरलेला सामान्य परवलीचा शब्द लागू पडतो खरा. पण त्याच्या भरंवशावर राहणें म्हणजे चोरकिल्लीच्या भरंवशावर दाराची किल्ली विहिरींत टाकण्यासारखें आहे.

यानंतर हत्यारें. संचाच्या तळाशीं सहा स्क्रू आहेत: चार रबरी पायांखालीं, दोन चिकटवलेल्या कागदांखालीं. त्यांचीं डोकीं षट्कोनी ताऱ्याच्या आकाराचीं असल्यानें टॉर्क्स जातीचा २० क्रमांकाचा स्क्रूड्रायव्हर लागतो, आंतल्या तबकांसाठीं १० क्रमांकाचा. वीजपुरवठ्याचा फलक आंत उघडाच बसवलेला आहे. तार भिंतींतून काढून कांहीं वेळ जाऊं दिल्याशिवाय तेथें बोट नेऊं नये.

नवी तबकडी केवढी घ्यावी? या यंत्राची मूळ आज्ञावली तबकडीवरील जागा २८ अंकी द्विमान संख्येनें मोजते. त्यामुळें सुमारें १३७ गीगाबाइटपलीकडील जागा तिला दिसत नाहीं. सुधारलेल्या आज्ञावली ४८ अंकी मोजणी करतात, तेव्हां त्या घातलेल्या असतील तरच मोठी तबकडी घेण्यांत अर्थ. वाढीव जागेला ‘एफ’ व ‘जी’ असे नवे भाग पाडतात. येथें एक खांचखळगा आहे, आणि त्यांत पुष्कळ जण पडले आहेत. भाग २५६ गीगाबाइटपर्यंतचा असेल तर जागेचा एकेक खण १६ किलोबाइटचा चालतो; ५१२ पर्यंत खण ३२ चा हवा, त्यापुढें ६४ चा. खण लहान ठेवला तरी आरंभीं सर्व सुरळीत दिसतें, महिनोन्महिने दिसतें. मग तबकडी भरत येते आणि नवा मजकूर गुपचूप जुन्यावर लिहिला जाऊं लागतो.

आजच्या तबकड्यांचा सांधा साटा जातीचा, या यंत्राचा जुन्या आयडीई जातीचा. मध्यें एक लहान जोडणी बसवावी लागते आणि मूळची ४० तारांची पट्टी काढून ८० तारांची घालणें हिताचें ठरतें. ज्या संचांत केवळ आज्ञावलीचा फेरफार आहे, चिप बदललेली नाहीं, त्यांत नवी तबकडीही त्याच किल्लीनें कुलूपबंद करावी लागते. म्हणून खरेदीपूर्वीं त्या तबकडींत व जोडणींत कुलपाची सोय आहे ना, हें पाहणें अगत्याचें. कुलूप घालावयाचें राहिलें तर पडद्यावर ५ हा आंकडा येतो. कुलूप आहे पण उघडत नाहीं, असें असल्यास ६. पांचाच्या आंकड्यानें कोणी घाबरूं नये. तो दुरुस्त होतो.

झांकण उघडलेलेंच आहे, तर मुख्य फलकावरील घड्याळाचा कपॅसिटरही पाहून घ्यावा. शेवटच्या १.६ या आवृत्तीखेरीज सर्व संचांत तो कालांतरानें पाझरतो, आणि त्यांतील द्रव फलकावरील तांब्याच्या बारीक रेषा खाऊन टाकतो. तबकडीपेक्षां हाच कपॅसिटर अधिक यंत्रें मारील, असा जाणत्यांचा कयास आहे. तो काढून टाकला तर यंत्र बिघडत नाहीं. तार भिंतींतून काढल्यावर तें दिवस व वेळ विसरतें, इतकेंच. पुढच्या खेपेस तारीख पुन्हां सांगावी लागते.

जुनी तबकडी मात्र टाकून देऊं नये. ती चालूं असो वा नसो, संचाच्या अनुक्रमांकाची चिठ्ठी तिच्यावर चिकटवून ती कोरड्या जागीं, किल्लीच्या नकलेबरोबर ठेवावी.